बक्षिसी आणि बुडवलेला पगार

परदेशी गेलेल्या आपल्या माणसाची फजिती बहुधा मोठ्या प्रश्नांवर होत नाही. ती सुट्ट्या पैशांवर होते. कोणाला किती द्यावे, कोणाला काहीच देऊ नये, दिल्याने अपमान होईल की न दिल्याने, हे त्याला उमगत नाही. मेक्सिकोत मोटारीने हिंडणाऱ्याला हा प्रश्न पहिल्याच पेट्रोलपंपावर भेटतो. तेथे पेट्रोल स्वतः भरायचे नसते. पंपावरचा कामगार येतो, किती हवे ते विचारतो, यंत्राचा आकडा शून्यावर असल्याचे बोटाने दाखवून ‘सेरो’ म्हणतो, पेट्रोल भरतो आणि बहुधा न सांगताच पुढची काच पुसून देतो. मग पेट्रोलचे पैसे चुकते करायचे आणि वर पाच-दहा पेसो त्याच्या हाती ठेवायचे. या वरच्या पैशांना तेथे ‘प्रोपिना’ म्हणतात. आपण बक्षिसी म्हणू. हा शब्द बरोबर आहे की नाही, याविषयीच मला येथे काही सांगायचे आहे.

मेक्सिको शहराबाहेर टेस्कोकोच्या बाजूस चापिंगो येथे कृषिविद्यापीठ आहे. वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे १९२४ साली मेक्सिकोत पोहोचले आणि पुढे चापिंगोला शिकवू लागले. त्यांनी मक्याच्या वाणांवर काम केले, गरीब शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा काढल्या. मेक्सिको शहरात शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर दिएगो रिवेराने रंगवलेल्या एका चित्रात मेजाशी बसून भाकर मोडणारे खानखोजे आजही दिसतात. ते चित्र पाहून आम्ही तिघे चापिंगोकडे निघालो होतो. वाटेत एका पंपावर थांबलो. पेट्रोल भरणारी बाई पन्नाशीची असावी. आमच्या मित्राने पाचशे पेसोंची नोट पुढे केली, तेव्हा तिने ती वर धरून ‘पाचशे’ असा मोठ्याने उच्चार केला. २०१८ साली निघालेली पाचशेची नोट निळी आहे आणि तिच्यावर बेनितो हुआरेझ आहेत. विसाची जुनी नोटही निळीच आणि तिच्यावरही हुआरेझच. या साम्याने तेथे भलतेच घोटाळे होतात. आपल्यावर आळ येऊ नये म्हणून ती बाई आधीच आम्हांला साक्षीदार करून घेत होती. उरलेले पैसे तिने मोजून दिले आणि क्षणभर थांबली.

मी खिशात हात घातला तोच मित्र म्हणाले, ‘‘साथी, हे आपले काम नव्हे. माणसाला हात पसरायला लावायचे आणि त्यावर चिल्लर ठेवायची, ही सरंजामी रीत आहे. कामाचे दाम मालकाने द्यावे.’’ मला ते पटले. पटायला अवघड काय होते? दिवाळीची पोस्त, साहेबांची बक्षिसी, दारवानाची चिरीमिरी यांविरुद्ध आपण सगळे बोलत आलेलो आहोत. काही न देता आम्ही निघालो. गाडी चालवणारा तिथलाच तरुण होता. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, त्या पंपावर मालक कोणालाच पगार देत नाही. ती बाई जे घरी नेते ते एवढेच.

आमच्या तत्त्वनिष्ठेचा खर्च तिच्याकडून वसूल झाला होता.

पुढच्या प्रवासात जेथे भाषेची सोय झाली तेथे मी विचारीत गेलो. कोठे किमान वेतन मिळत होते, कोठे त्याचा काही भाग, आणि कोठे एक छदामही नाही. तिकडच्या वृत्तपत्रांनी ही गोष्ट वर्षानुवर्षे छापली आहे. ती कोणापासून लपलेली नाही. काही पंपांवर गणवेशाचा खर्चही कामगाराच्याच माथी मारलेला असतो. शिवाय तेलाच्या आणि इंजिनात टाकायच्या द्रावणाच्या बाटल्या ठरावीक संख्येने खपवायच्या, न खपल्या तर त्यांचे पैसे स्वतः भरायचे, असाही दंडक कित्येक ठिकाणी असतो. म्हणून तो कामगार प्रत्येक गाडीपुढे बाटली नाचवतो. परका प्रवासी मात्र हा आपल्याला लुबाडायला टपला आहे, असे समजून काच वर करतो.

बरे, कायदा नाही म्हणून असे घडते, असेही नाही. मेक्सिकोची १९१७ ची राज्यघटना ही श्रमिकांचे हक्क घटनेतच लिहून ठेवणाऱ्या जगातील अगदी पहिल्या घटनांपैकी एक. तिच्या १२३ व्या कलमात आठ तासांचा दिवस आहे, किमान वेतन आहे, संपाचा हक्क आहे. १९७० च्या कामगार कायद्याने किमान वेतन रोखीनेच हातात पडले पाहिजे, असे सांगितले. हॉटेले, खानावळी, मद्यगृहे आणि त्यांसारख्या आस्थापनांसाठी त्याच कायद्यात असेही म्हटले की, बक्षिसी हा वेतनाचा भाग समजावा. हेतू चांगला होता. नुकसानभरपाई वगैरे ठरवताना कामगाराची खरी कमाई धरली जावी, म्हणून ती तरतूद. परंतु मालकवर्गाने ‘भाग’ या शब्दाचा अर्थ ‘सगळे’ असा करून घेतला. २०१८ साली तेथील सर्वसाधारण किमान वेतन दिवसाला ८८.३६ पेसो होते. २०२५ साली ते २७८.८० पेसोंवर गेले. सात वर्षांत तिपटीहून अधिक! मेक्सिकोतील डाव्या सरकारांचे हे मोठे काम आहे, आणि आपण त्याचे मोकळ्या मनाने कौतुक केले पाहिजे. पण ज्याला वेतनच नाही, त्याच्या शून्याची तिप्पट किती होते?

मालकाची बाजू अशी मांडली जाते की, बक्षिसीतून ही माणसे किमान वेतनाहून अधिक मिळवतात आणि त्यांची स्वतःची तक्रार नसते. हे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही. हमरस्त्यावरच्या गजबजलेल्या पंपावर, सणासुदीच्या आठवड्यात, हात चपळ असलेल्या कामगाराला खरोखरच चार पैसे जास्त सुटतात, आणि तो ते अभिमानाने सांगतो. पण आडगावच्या पंपाचे काय? रात्रपाळीचे काय? आजारी पडलेल्या दिवसाचे काय? मेक्सिकोत सामाजिक विम्याची संस्था १९४३ साली निघाली, कामगारांचा गृहनिधी १९७२ साली सुरू झाला. दोहोंचा हिशेब नोंदलेल्या वेतनावर चालतो. हातावर पडलेल्या नाण्यांची नोंद कोठेच होत नाही. तीस वर्षे पेट्रोलच्या वाफेत उभे राहिलेल्या माणसाच्या नावावर निवृत्तिवेतनाचा एक दिवसही जमा झालेला नसतो. त्या वाफेत बेन्झिन असते, आणि बेन्झिनने माणसाला कर्करोग होतो हे वैद्यकशास्त्राने निःसंशय ठरवलेले आहे. दहा पेसोंचे नाणे त्या दिवसाची भाकर देते. म्हातारपण देत नाही.

आता या प्रश्नाच्या ज्या बाजूमुळे मी हा लेख लिहावयास घेतला, तिच्याकडे येतो. मेक्सिकोतील तेल खासगी भांडवलाचे नव्हते. ते राष्ट्राचे होते, आणि राष्ट्राचे झाले ते वेतनाच्याच भांडणातून. १९३७ च्या मे महिन्यात तेलकामगारांनी संप केला. मालक होत्या ब्रिटिश आणि अमेरिकन कंपन्या. प्रकरण लवादाकडे गेले. कंपन्यांचे हिशेब तपासून लवादाने वेतन व सवलतींपोटी २ कोटी ६० लाख पेसोंची वाढ योग्य ठरवली. कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १ मार्च १९३८ रोजी न्यायालयाने कामगारांच्या बाजूने कौल दिला, तरी त्या ऐकेनात. तेव्हा १८ मार्च रोजी राष्ट्राध्यक्ष लासारो कार्देनास यांनी तेलउद्योग ताब्यात घेतल्याची घोषणा केली. नुकसानभरपाईचा निधी उभारण्यासाठी त्या एप्रिलात मेक्सिको शहराच्या कलाभवनासमोर बायकांची रांग लागली. कोणी अंगठी दिली, कोणी घरची कोंबडी दिली. जूनमध्ये ‘पेमेक्स’ ही राष्ट्रीय कंपनी निघाली. आमच्या पिढीतील समाजवाद्यांनी ही कथा अभ्यासवर्गांतून किती वेळा सांगितली असेल!

ती सांगताना आम्ही एक गोष्ट विचारली नाही. विहीर राष्ट्राची झाली, शुद्धीकरणाचा कारखाना राष्ट्राचा झाला, नळवाहिनी राष्ट्राची झाली. पंपाचे काय झाले? पंप बहुतांशी खासगी चालकांकडेच राहिले. फलक पेमेक्सचा, पेट्रोल पेमेक्सचे, आणि नळी हाती धरणारा माणूस चालकाचा. १९९२ पासून तर पेमेक्सने पंपांसाठी रीतसर परवानापद्धतीच आणली. आकाशचिन्हाचा रंग, फरशी, कामगाराचा गणवेश, सारे नियमांत बसवले गेले. त्या गणवेशातल्या माणसाला पगार मिळतो की नाही, याची खात्री मात्र कोणी करून घेतली नाही. २०१३ च्या घटनादुरुस्तीनंतर, २०१६ पासून इतर कंपन्यांचे फलक लागू लागले. त्यावर पुष्कळ वाद झाला, आणि खासगीकरणाला विरोध झाला तो योग्यच झाला. परंतु पंपावरच्या बाईच्या दृष्टीने फलक बदलला, एवढेच. तिचा शून्य आकडा आधीपासूनचा होता.

तेलकामगारांची संघटना बलाढ्य होती, तीही या शेवटच्या दुव्यापर्यंत आली नाही. उलट मेक्सिकोत ‘संरक्षण करार’ नावाचा एक प्रकार बोकाळला. मालकाने एका कागदी संघटनेशी करार करायचा, कामगाराला त्याचा पत्ताही नसायचा, आणि खरी संघटना आली की ‘आमचा करार झालेला आहे’ म्हणून तिला दारातून परत पाठवायचे. १९६० पासून चालत आलेल्या एका स्वतंत्र श्रमिक आघाडीतील लोकांनी मेक्सिको शहरातील पंपकामगारांत काम केले. त्यांना याच भिंतीवर डोके आपटावे लागले. २०१९ च्या कायद्याने प्रत्येक सामुदायिक करार कामगारांच्या गुप्त मतदानाने पडताळून घेण्याची सक्ती केली आणि त्यासाठी १ मे २०२३ ची मुदत घातली. भिंतीला भगदाड पडले ते त्यामुळे. तेथून आत शिरणे हे संघटनेचे काम आहे. ते कायदा करून देत नाही.

पगार नसल्याचा आणखी एक परिणाम प्रवाशाला रोज दिसतो, पण तो त्याचा अर्थ उलटा लावतो. शून्य दाखवण्याचा तो विधी पाहा. प्रवासी कामगाराकडे संशयाने पाहतो, कामगार प्रवाशाकडे आशेने आणि धास्तीने पाहतो; मालक त्या दृश्यात कोठेच नसतो. वस्तुतः मापात खोट असली तर ती यंत्राच्या पोटात असते, आणि यंत्राची किल्ली कामगाराकडे नसते. मेक्सिकोत १९७६ पासून ग्राहकसंरक्षणाचे सरकारी कार्यालय आहे. लिटरला पूर्ण लिटर मिळते की नाही, हे त्याचे निरीक्षक तपासत असतात. आपल्याकडेही ‘साहेब, झिरो बघा’ हे वाक्य पंपावर ऐकल्याशिवाय पेट्रोल मिळत नाही. २०१७ साली ठाणे पोलिसांनी पंपाच्या यंत्रांत बसवलेल्या चिपांचे प्रकरण उघडकीस आणले, तेव्हा शून्य पाहून आपण किती सुरक्षित होतो ते कळले. चोरीची सोय आत, आणि शिव्या खायला नळीवाला बाहेर.

आपल्याकडचे नाव निघालेच आहे, तर तेही बोलून टाकू. एस्सो १९७४ साली, बर्मा शेल १९७६ साली आपण राष्ट्राच्या मालकीची केली. त्यांतून झालेल्या दोन्ही कंपन्यांची मुख्यालये मुंबईत आहेत. तुर्भे-माहूलच्या शुद्धीकरण कारखान्यांतील कामगारांनी लढून चांगले वेतन मिळवले, त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण पंप येथेही वितरकाचा, कामगार वितरकाचा, आणि वितरकाला मिळते लिटरमागे कमिशन. मेक्सिकोसारखी बिनपगारी रीत आपल्याकडे सर्रास नाही, हे कबूल. तरी पंपाच्या कोपऱ्यात चाकांत हवा भरणारा मुलगा पाहा. ‘हवा मोफत’ असा फलक त्याच्याच डोक्यावर लावलेला असतो, आणि त्याला पगार किती, असे विचारले तर तो गाडीवाल्यांच्या हाताकडे बोट दाखवतो.

अमेरिकेत हा प्रश्न निराळ्या रीतीने सुटला, म्हणजे माणूसच काढून टाकला. तेथे बहुतेक राज्यांत गाडीवाला स्वतः पेट्रोल भरतो. परक्याचे कार्ड पंपावरचे यंत्र पुष्कळदा नाकारते, कारण ते अमेरिकन टपालाचा सांकेतांक मागते. मग आत जाऊन आगाऊ पैसे भरावे लागतात. न्यू जर्सीत १९४९ च्या कायद्याने पेट्रोल कामगारानेच भरायचे असते, आणि तेथे बक्षिसीची सक्ती कोणी मानीत नाही. ओरेगॉनमध्ये १९५१ पासूनचा असाच कायदा २०२३ साली गेला. उपाहारगृहांत मात्र अमेरिकेने बक्षिसीला कायद्याचीच मुद्रा दिली. १९६६ च्या दुरुस्तीने मालकाला वेतनातून बक्षिसी वजा धरण्याची मुभा मिळाली. १९९१ साली अशा कामगारासाठी ठरलेला तासाला २.१३ डॉलरचा केंद्रीय दर २०२५ पर्यंत बदललेला नव्हता. तूट पडल्यास मालकाने भरायची, असे कायदा म्हणतो. ती मागायला कोण उभा राहतो, हे सांगायला नको.

तरीही तेथलेच एक उदाहरण आपल्या कामाचे आहे. पुल्मनच्या शयनयानांतील कृष्णवर्णीय सेवक अपुऱ्या पगारावर राबत आणि प्रवाशांच्या बक्षिसीवर जगत. १९२५ साली ए. फिलिप रँडॉल्फ या समाजवादी नेत्याने त्यांची संघटना बांधली. बक्षिसीसाठी करावे लागणारे हसू थांबवून भरीव वेतन द्या, अशी त्यांची मागणी होती. करार व्हायला बारा वर्षे लागली. तो १९३७ साली झाला. त्या बारा वर्षांत रँडॉल्फने प्रवाशांना ‘बक्षिसी देऊ नका’ असे आवाहन करून आपल्याच माणसांच्या चुली विझवल्या नाहीत. त्याचा लढा कंपनीशी होता. आमच्या मित्राच्या युक्तिवादात हेच निसटले होते. बक्षिसी नाकारून मालकाचे काहीच बिघडत नाही. पगार त्याने आधीच वाचवलेला असतो.

मग करावे काय? पंपावरच्या कामगाराचा मालक कोण, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. बाजारपेठेतील हमालाचा मालक कोण, असे विचारले की प्रत्येक व्यापारी दुसऱ्याकडे बोट दाखवीत असे. पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली, मुंबईत माथाडींनी संघर्ष केला, आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. मालक एक असो की पन्नास, मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळाकडे भरायची. मंडळाने कामगाराला पगार, भविष्यनिर्वाह निधी, उपदान, बोनस द्यायचा. १९८१ साली खासगी सुरक्षारक्षकांसाठी याच धर्तीवर कायदा आला. या मंडळांच्या कारभारात आज कितीतरी दोष शिरले आहेत, ते मी झाकीत नाही. पण कल्पना अस्सल या मातीतली आहे, आणि पंपाला ती चपखल बसते, कारण येथे प्रत्येक लिटरची नोंद यंत्रातच होत असते.

मेक्सिकोचाच हिशेब करून पाहू. २०२५ साली तेथील सरकारने पंपचालकांशी बोलून साध्या पेट्रोलचा भाव लिटरला २४ पेसोंच्या आत ठेवण्याचे ठरवले. चाळीस लिटरचे झाले ९६० पेसो. त्यावर प्रवासी १० पेसो बक्षिसी देतो, म्हणजे लिटरला पाव पेसो. हाच पाव पेसो चालकाच्या कमिशनमधून लिटरमागे कापून मंडळाकडे गेला, तर त्या बाईला पगार, विमा आणि म्हातारपण तिन्ही मिळण्याची वाट मोकळी होते. कोणी म्हणेल, चालक तो भाव वाढवून ग्राहकाच्या अंगावर टाकील. टाकू शकतो, म्हणून भावनियंत्रण आणि लेव्ही एकत्रच मागावी लागतील. पण समजा टाकलाच, तरी प्रवाशाला आजच्याहून एक पैसाही जास्त पडत नाही, आणि हात पसरणे संपते.

ते होईपर्यंत मेक्सिकोत जाणाऱ्या साथींनी नोट देताना तिचा आकडा मोठ्याने बोलावा, शून्य पाहावे, आणि पेट्रोलचे पैसे कार्डाने दिले तरी नाणी वेगळी जवळ ठेवून कामगाराच्याच हाती द्यावीत. चापिंगोहून परतताना आम्ही त्याच पंपावर मुद्दाम थांबलो. पाळी बदलली होती. त्या बाईऐवजी एक म्हातारा होता. त्याला दोन्ही वेळचे पैसे दिले आणि आमच्या चालकाने त्याला का ते समजावले. तो ते तिला पोहोचवील असे म्हणाला.

एक विनंती. पुढील जिल्हा शिबिरापूर्वी प्रत्येक तालुक्यातील साथींनी आपापल्या भागातील पाच-सहा पंपांवर जावे. नळीवर किती माणसे आहेत, त्यांपैकी किती जणांच्या हाती वेतनचिठ्ठी पडते, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक किती जणांना ठाऊक आहे, पाळी किती तासांची असते, आणि हवा भरणाऱ्या मुलाचे वय काय, एवढ्याच गोष्टी विचाराव्यात. कामगाराचे नाव लिहू नये. पंप कोणत्या कंपनीचा, ते मात्र जरूर लिहावे.